लंडनच्या ऑलिम्पिक पार्कात एक दिवस: ७ माणसं, त्यात आजी आणि तीन मुलं

रावपुरा_रोड
मंडळी, यंदा १० मे ते ८ जून बडोद्याहून लंडनला. मुक्काम नातेवाइकांकडे, वेम्बली पार्क स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर. २०१२ चं ऑलिम्पिक जिथे झालं ते स्ट्रॅटफर्डचं संकुल, म्हणजे आताचं क्वीन एलिझाबेथ ऑलिम्पिक पार्क, तिथे एक अख्खा दिवस काढायचा आहे. आम्ही दोघं, वहिनी, आजी (७२, गुडघे दुखतात, अर्धा किलोमीटर चालल्या की बसावं लागतं) आणि मुलं १३, ९ आणि ६ वर्षांची. सगळे शाकाहारी. कोणता दिवस धरावा, कुठून शिरावं, काय बघावं, काय सोडावं? जाहिरातीतली यादी नको, ती वाचून झाली. माहीतगारांनी सांगावं.

वाडी_ते_वेम्बली
आधी तारीख ठरवा, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. तुमच्या महिन्यात तीन अडथळे आहेत.

पहिला फुटबॉल. मुख्य स्टेडियम २०१६ पासून वेस्ट हॅम युनायटेडचं घरचं मैदान आहे. सामन्याला साठ हजारांच्या आसपास माणूस येतं आणि बहुतेक सगळं स्ट्रॅटफर्ड स्टेशनातून जातं-येतं. हंगाम मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात संपतो. दुसरा अडथळा तिथल्या शाळांची हाफ टर्मची सुट्टी. मेच्या शेवटच्या सोमवारी बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्टी) असतो, तोच आठवडा सुट्टीचा. तो सोमवार ३१ तारखेला आला तर सुट्टी ४ जूनपर्यंत लांबते, तेव्हा कॅलेंडर उघडून बघा. तिसरा अडथळा म्हणजे स्टेडियममधले गाण्याचे मोठे कार्यक्रम, ते जूनपासून सुरू होतात.

या तिन्हींतून वाचलेला जूनच्या पहिल्या आठवड्यातला मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार घ्या. आपल्याकडे सुट्टी आणि तिकडे शाळा चालू (त्यांची उन्हाळी सुट्टी जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लागते), म्हणून खेळायच्या जागा दुपारी तीनपर्यंत निम्म्या रिकाम्या असतात. सूर्य मावळतो नऊनंतर, त्यामुळे उजेडाची चिंता नाही.

पोलो_मैदान
वरच्याशी सहमत. तरी एखाद्याला सामन्याचाच शनिवार मिळाला तर घाबरायचं कारण नाही, वेळ सांभाळायची. सामना तीनला असेल तर एक ते तीन माणसं येतात आणि पावणेपाच ते सव्वासहा बाहेर पडतात. सुटल्यावर स्टेशनाच्या वाटेवर कर्मचारी थांबा-चला अशा पाट्या घेऊन गर्दी टप्प्याटप्प्याने सोडतात, मुलं कडेवर घेऊन पाऊण तास उभं राहावं लागतं. पण सामना चालू असताना, म्हणजे सव्वातीन ते साडेचार, स्टेशन मोकळं असतं. त्या फटीत निघा, नाहीतर साडेसहानंतर. आणखी एक: टीव्हीसाठी सामन्यांच्या तारखा आणि वेळा बदलतात. महिन्याभरापूर्वी पाहिलेल्या वेळापत्रकावर विसंबू नका, आदल्या आठवड्यात पुन्हा बघा.

वाडी_ते_वेम्बली
आता रस्ता. वेम्बली पार्कहून ट्यूबची (लंडनच्या भुयारी रेल्वेची) ज्युबिली लाइन सरळ स्ट्रॅटफर्डला जाते, तेच शेवटचं स्टेशन. गाडी बदलायची नाही, पाऊण तास ते पन्नास मिनिटं. वेम्बली पार्क आणि स्ट्रॅटफर्ड दोन्हीकडे लिफ्ट आहेत, त्यामुळे आजींसाठी हाच मार्ग.

स्वस्त मार्ग वेगळा आहे. ज्युबिलीने वेस्ट हॅम्पस्टेड, बाहेर पडून रस्त्यावरून दोन मिनिटं चालत ओव्हरग्राउंडचं (जमिनीवरच्या लोकल गाड्यांचं) स्टेशन, तिथून मिल्डमे लाइनने हॅकनी विक किंवा स्ट्रॅटफर्ड. मधला झोन १ (भाड्याच्या हिशेबातला मध्य लंडनचा भाग) टळतो म्हणून भाडं कमी पडतं. पण वेस्ट हॅम्पस्टेडच्या ट्यूब स्टेशनात जिने चढावे लागतात. दोन गट करायचे असतील तर करा. मी तरी चार पैशांसाठी आजींना जिने चढवणार नाही.

नऊ-तीसनंतर स्टेशनाच्या गेटवरच्या यंत्राला कार्ड टेकवा, तेच तिकीट. सोमवार ते शुक्रवार सकाळी ६:३० ते ९:३० आणि संध्याकाळी ४ ते ७ गर्दीच्या वेळेचं जास्त भाडं लागतं. भाडं ठरतं ते आत शिरताना कार्ड टेकवल्याच्या वेळेवरून. म्हणजे परत येताना एकतर पावणेचारच्या आत नाहीतर सातनंतर.

फतेगंज_पोस्ट
मुलांच्या तिकिटांचं कोणीच बोललं नाही. ११ वर्षांखालची मुलं ट्यूब, डीएलआर (पूर्व लंडनची हलकी रेल्वे), ओव्हरग्राउंडला तिकीट काढलेल्या मोठ्या माणसाबरोबर फुकट (एका मोठ्यामागे चार मुलांपर्यंत). बसलाही फुकट. ९ आणि ६ वर्षांच्यांना कार्डच नको, रुंद गेटमधून बरोबर न्या. १३ वर्षांच्या मुलीला ऑयस्टर कार्ड (पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड) घ्या आणि स्टेशनातल्या कर्मचाऱ्याकडून त्यावर ‘यंग व्हिजिटर’ सवलत चढवून घ्या. ११ ते १५ वयासाठी आहे, अर्धं भाडं, १४ दिवस चालते. मुलगी समोर हवी. विमानातून उतरल्या दिवशी चढवून घेतली तर शेवटच्या आठवड्यात ती संपलेली असेल. तुमचा पार्काचा दिवस जूनमध्ये आहे ना, मग त्या हिशेबाने उशिरा चढवा.

रावपुरा_रोड
हे फारच कामाचं. मोठ्यांनी आपलं इथलंच बँकेचं कार्ड वापरलं तर?

वाडी_ते_वेम्बली
व्हिसा, मास्टरकार्ड, अमेक्स, कॉन्टॅक्टलेस असेल तर चालतं. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये दोन बटणं सुरू करा: ‘आंतरराष्ट्रीय व्यवहार’ आणि ‘कॉन्टॅक्टलेस’. भारतात ही दोन्ही कार्डधारकाने स्वतः सुरू करायची असतात. एक चालू आणि दुसरं बंद, असं झालं की गेट उघडत नाही आणि मागे रांग खोळंबते. परकीय चलनाचा अधिभार किती टक्के तेही बघून घ्या.

माणशी एक कार्ड. एकाच कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. आणि सगळ्यांत जास्त पैसे कशात जातात तर आत जाताना फोन टेकवायचा आणि बाहेर पडताना खिशातलं कार्ड. बँक खातं एकच असलं तरी यंत्राला ती दोन वेगळी कार्डं. मग दोन अर्धवट प्रवास धरले जातात आणि दोन्हींवर जास्तीत जास्त भाडं लागतं. दिवसाची कमाल मर्यादाही दोन्हीकडे वेगवेगळी मोजली जाते. सकाळी जे टेकवलं तेच रात्रीपर्यंत.

बसमध्ये रोख चालत नाही. तेच कार्ड चढताना एकदा टेकवायचं, उतरताना नाही. एका तासात बस बदलली तर दुसरं भाडं पडत नाही.

सुरसागर
आता पार्काची मांडणी, कारण इथेच लोक थकतात. क्षेत्रफळ ५६० एकर. आपली कमाटी बाग ११३ एकरांची, म्हणजे जवळजवळ पाच कमाटी बागा. बहुतेक कुटुंबं स्ट्रॅटफर्डला उतरतात, वेस्टफिल्ड मॉलमधून रमतगमत दक्षिण भागात येतात, कारंजं आणि स्टेडियम बघतात, मग कोणीतरी सांगतं की मुलांची खरी खेळायची जागा उत्तरेला आहे. तिथे पोचेपर्यंत दुपारचे दोन, आणि परत स्टेशनापर्यंत तेवढंच चालणं. लहान मूल नेमकं त्या परतीच्या वाटेवर रडतं.

त्यापेक्षा गोल फिरूच नका. उत्तरेकडून शिरा, दक्षिणेकडून बाहेर पडा. शिरायचं हॅकनी विक स्टेशनातून. स्ट्रॅटफर्डला ज्युबिलीतून उतरलात की स्टेशनाबाहेर न पडता फलाट १ किंवा २ वरून मिल्डमे लाइन धरा, पुढचंच स्टेशन हॅकनी विक. तिथेही लिफ्ट आहे. मध्ये कार्ड टेकवायचं नाही. बाहेर आलात की कालवा ओलांडून दहा मिनिटांत पार्काचा पश्चिम काठ.

पुढचा क्रम असा: हिअर ईस्टच्या इमारती (२०१२ मधलं पत्रकारांचं केंद्र), तिथून नदीकडे टंबलिंग बेची खेळायची जागा, मग व्हेलोड्रोम (सायकल शर्यतींचं बंदिस्त मैदान) ऐच्छिक, मग ली नदीच्या काठाने खाली, स्टेडियमचा परिसर, शेवटी कारंजं आणि अ‍ॅक्वाटिक्स सेंटर (पोहण्याचे तलाव), आणि समोरच्या पुलावरून वेस्टफिल्ड आणि स्ट्रॅटफर्ड स्टेशन. पार्कात शिरायला पैसे लागत नाहीत, फाटकही नाही.

दांडिया_बाजार
बरोबर. फक्त एक भर घालते. टंबलिंग बेला वाळू, हातपंप, दगडी खळगे आहेत, मुलं पंपाने पाणी काढून वाळूत बांध घालतात. लाकडी झोपड्या आणि दोरांचे पूल नऊ आणि तेरा वर्षांच्यांनाही आवडतात. म्हणजे मुलं सकाळी साडेदहालाच ओली होणार. प्रत्येक मुलाचा एक पूर्ण कपड्यांचा जोड, जाड टॉवेल एक, ओल्यासाठी प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या. दुपारी खाली कारंज्यात पुन्हा भिजायचं असेल तर दुसरा जोड. जूनमध्येही तिथे वारा गार असतो, १८-२० अंशांत ओल्या कपड्यांनी मूल अर्ध्या तासात कुडकुडतं. बूट भिजतात हे कोणाच्या लक्षात येत नाही. मुलांसाठी मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल ठेवा.

शेजारीच टिंबर लॉज आहे, तिथे कॅफे आणि स्वच्छतागृह. तिथून निघताना सगळ्यांना, हो सगळ्यांना, जाऊन यायला सांगा. तिथून नदीकाठाने खाली अ‍ॅक्वाटिक्सपर्यंत मुलांच्या चालीने अर्धा तास लागतो आणि वाटेत दुसरी सोय शोधत बसावं लागतं.

पोलो_मैदान
मुलगी १३ ची आहे तर व्हेलोड्रोम ‘ऐच्छिक’ ठेवू नका. टंबलिंग बेपासून सात-आठ मिनिटं. आतला ट्रॅक २५० मीटरचा, सायबेरियन पाइनच्या पट्ट्यांचा, वळणावर ४२ अंशांपर्यंत उतार. टीव्हीवर तो उतार कळतच नाही. स्पर्धा नसेल तेव्हा आत जाऊन प्रेक्षकांच्या जागेवरून सराव बघता येतो, पैसे लागत नाहीत. सायकल भाड्याने घेऊन शिकवणीचं सत्रही करता येतं, पण त्याला वय आणि उंचीची अट असते आणि जागा आधी राखून ठेवावी लागते. त्या सायकलींना ब्रेक नसतो आणि पाय थांबवता येत नाहीत. पायडल मारणं थांबवलं की मागचं चाकच पाय पुढे ढकलतं, नवशिके तिथेच पडतात. म्हणून शिक्षकाशिवाय सोडत नाहीत. बाहेर बीएमएक्सचा (उड्या मारायच्या छोट्या सायकलींचा) ट्रॅक आहे, तो काठावरून बघायला सहा वर्षांच्यालाही मजा.

मांडवी_४
ऑर्बिटवरून घसरगुंडी आहे ती? मुलांना त्याचंच वेड असतं.

सुरसागर
ऑर्बिट म्हणजे तो लाल पोलादी मनोरा, ११४.५ मीटर, अनिश कपूर (जन्म मुंबईचा) आणि सेसिल बालमंड यांचा. दिसायला कसा ते ज्याचं त्याने ठरवावं, मला तो अर्धवट सोडलेल्या पाळण्यासारखा वाटतो. घसरगुंडी २०१६ मध्ये त्याभोवती गुंडाळली: १७८ मीटर लांब, १२ वळणं, साधारण ४० सेकंद. अट अशी की वय ८ आणि उंची १.३ मीटर, दोन्ही हवं. तुमचा सहा वर्षांचा बाद. नऊ वर्षांच्याची उंची इथेच भिंतीला लावून मोजा, कारण नऊ वर्षांची बरीच मुलं १२८-१३२ सेंटिमीटरमध्ये असतात आणि तिकडे मोजपट्टीसमोर वाद चालत नाही. चटईवर पाय पुढे करून झोपायचं, डोक्याला आणि कोपरांना संरक्षक पट्टे. साडी, ओढणी, लटकणारी पर्स यातलं काही चालायचं नाही. वहिनींना जायचं असेल तर पँट.

तिकीट आधी ऑनलाइन काढायचं. त्या तारखेची तिकिटं खरंच मिळतायत हे बघितल्यावरच मुलांकडे विषय काढा. नुसतं वर जाऊन बघायचं असेल तर लिफ्ट आहे, उतरताना हौस असेल तर ४५५ पायऱ्या. आजींना लिफ्टनेच उतरवा, जिना गोल फिरत जातो आणि अर्ध्यात माघार नाही.

एक व्यावहारिक सल्ला: घसरगुंडी आणि पोहणं एकाच दिवशी घेऊ नका. दोन्हींच्या वेळा ठरलेल्या असतात आणि दिवस घड्याळाच्या मागे धावण्यात जातो. एकच काहीतरी निवडा, आणि ते दुपारी तीनच्या सुमाराचं, कारण दोन्ही जागा वाटेच्या शेवटी येतात.

दांडिया_बाजार
मी पोहणं निवडेन. अ‍ॅक्वाटिक्स सेंटर झाहा हदीद यांचं, छप्पर लाटेसारखं आणि फक्त तीन आधारांवर. ५० मीटरचे दोन तलाव आणि सूर मारण्याचा एक वेगळा. ऑलिम्पिकमध्ये दोन्ही बाजूंना तात्पुरते सज्जे जोडून १७,५०० माणसं बसवली होती, ते काढून टाकल्यावर आता कायमच्या २,५०० जागा. सामान्य माणूस पैसे भरून त्याच पाण्यात पोहतो, हे मला त्या मनोऱ्यापेक्षा मोलाचं वाटतं.

सत्र आधी राखून ठेवा आणि ‘लेन’चं सत्र घेऊ नका, ते सरळ रेषेत फेऱ्या मारणाऱ्यांसाठी असतं, मुलांना तिथून बाजूला काढतात. कुटुंबासाठीचं किंवा ‘जनरल’ लिहिलेलं घ्या. आठ वर्षांखालच्या मुलाबरोबर मोठं माणूस पाण्यातच हवं, काठावर बसून चालत नाही. सुती टीशर्ट, लेगिंग, हाफपँट चालत नाही: सुती कापड पाणी पिऊन जड होतं आणि धागे गाळणीत जातात. अंगभर झाकणारा पोशाख हवा असेल तर लायक्राचा चालतो, तो बडोद्यातूनच घेऊन जा.

पोलो_मैदान
रावपुरा, एक सांगून ठेवतो, नाहीतर मुलं तिथे जाऊन ‘मेरी कोम कुठे खेळली’ विचारतील. २०१२ च्या ऑलिम्पिकमध्ये भारताला सहा पदकं मिळाली आणि त्यातलं एकही या पार्कात मिळालेलं नाही. मेरी कोमचं कांस्य, सुशील कुमारचं रौप्य, योगेश्वर दत्तचं कांस्य: एक्सेल सेंटर, डॉकलँड्स. विजय कुमारचं रौप्य, गगन नारंगचं कांस्य: वूलिचच्या तोफखान्याच्या बराकी. साईना नेहवालचं कांस्य: वेम्बली अरीना, म्हणजे तुमच्या मुक्कामापासून चालत दहा मिनिटं! ते बघायला स्ट्रॅटफर्डला जायचं कारणच नाही, आदल्या संध्याकाळी फेरी मारा.

पार्काच्या आत भारताची हॉकी झाली, निळ्या टर्फवर, आणि बाराव्या नंबरावर म्हणजे शेवटी राहिलो. ते मैदान स्पर्धेनंतर उचलून टाकलं. स्टेडियममधलं भारताचं पदक शोधायचं तर पॅरालिम्पिककडे या: गिरीशा होसनगरा नागराजेगौडा, उंच उडी एफ-४२ (पायात व्यंग असलेल्यांचा गट), १.७४ मीटर, रौप्य. २०१२ च्या पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते एकुलतं एक पदक. पुढे २०१७ मध्ये याच स्टेडियममध्ये जागतिक पॅरा अ‍ॅथलेटिक्स झालं, त्यात सुंदरसिंग गुर्जरने भालाफेकीत सुवर्ण मिळवलं. मुलांना स्टेडियमसमोर उभं करून सांगायचं ते हे. बोल्ट त्यांना माहीतच असतो.

मांडवी_४
स्टेडियमची टूर घ्यावी का?

पोलो_मैदान
फुटबॉलचं वेड नसेल तर नाही. सगळा भर वेस्ट हॅमवर असतो. बाहेरून फेरी मारा, उद्घाटन सोहळ्यातली ती जवळजवळ २३ टनांची घंटा बाहेरच आहे, फोटो तिथे छान येतो.

फतेगंज_पोस्ट
पाऊस आला तर?

सुरसागर
पाऊस धरूनच चला. छत्री नको, नदीकाठच्या वाऱ्यात उलटते, टोपीचे रेनकोट घ्या. आणि सकाळीच पाऊस असेल तर हिअर ईस्टमधलं व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाउस. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचं हे कोठार, ३१ मे २०२५ पासून लोकांना खुलं, प्रवेश फुकट. अडीच लाखांवर वस्तू, बऱ्याचशा मांडण्यांवर ठेवल्यात तशाच, काचेच्या कपाटांचा सोपस्कार नाही. हॅकनी विकच्या वाटेवरच पडतं, त्यामुळे आखलेला क्रम मोडत नाही. पिशव्या लॉकरमध्ये ठेवाव्या लागतात, डबे तिथेच राहतील. आतमध्ये आग्र्याच्या शाहजहानकालीन हमामाची संगमरवरी खांबांची ओळ उभी आहे, ती चुकवू नका.

तिथे एक सोय आहे जिचा फायदा आपली माणसं घेत नाहीत. संग्रहातल्या पाचपर्यंत वस्तू किमान दोन आठवडे आधी ऑनलाइन मागवून ठेवायच्या, मग ठरल्या वेळी त्या टेबलावर काढून जवळून दाखवतात. संग्रहाच्या शोधपेटीत ‘बडोदा’ इंग्रजी स्पेलिंगने टाका आणि काय निघतं ते बघा. वहिनींना कापडाची आवड असेल तर जरीकाम शोधा. सहा वर्षांच्याला मात्र त्या खोलीत नेऊ नका, एकाने त्याला घेऊन बाहेर थांबा.

रावपुरा_रोड
सुरसागर, हे माहीतच नव्हतं, आजच शोधतो. आता जेवण. काकू, तुम्ही सांगा.

दांडिया_बाजार
डबा घरूनच. हिरवळीवर बसून खायला कोणी हरकत घेत नाही, फक्त चूल-शेगडी पेटवायची नाही. सात जणांचा एका वेळचा हिशेब: थेपले २८ (मोठ्यांना पाच-पाच, मुलांना तीन, तीन, दोन), एक किलो बटाट्यांची कोरडी भाजी, छुंदा पाव किलो फिरकीच्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, आणि चारच्या भुकेला भाकरवडी अर्धा किलो. थेपले सकाळी केले तर जाळीवर पूर्ण गार करून मगच कापडात गुंडाळा. गरम भरले की वाफ धरते, खालचे दहा एकमेकांना चिकटतात आणि ओलसर लागतात. तेलाचं मोहन नेहमीपेक्षा चमचाभर जास्त, गार वाऱ्यात चिवट होत नाहीत. चिवडा नेऊ नका. अर्धा वाऱ्यावर जातो, उरलेल्यासाठी बदकं आणि हंस अंगावर येतात, आणि हंस चिडला तर लहान मुलाला आवरत नाही.

चादर नको, खाली प्लॅस्टिकचं अस्तर असलेली चटई. गवत कोरडं दिसलं तरी ओल वर येते. आजींसाठी घडीची खुर्ची नातेवाइकांकडून मागून घ्या, खाली बसल्या तर उठताना गुडघ्यांचे हाल.

आणि बडोद्याहून पेढे, बर्फी, श्रीखंड बॅगेत भरू नका. भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. मटणमांसालाही तेच, पण ते तुम्हाला लागू नाही.

रात्रीचं जेवण वेस्टफिल्डमध्ये उरकता येईल, शाकाहारी मिळतं, पण सातजणांचा खर्च बघता मी तरी परत वेम्बलीला येऊन ईलिंग रोडवर (भारतीय दुकानं-खाणावळींचा रस्ता) जेवेन.

वाडी_ते_वेम्बली
वेस्टफिल्डचा उपयोग एवढाच की पावणेचारची वेळ चुकली तर चार ते सात तिथे काढायचे. स्वच्छतागृह, बसायला जागा, चहा. रविवारी मोठी दुकानं कायद्याने सहाच तास उघडी असतात, तेही लक्षात ठेवा.

मांडवी_४
कारंज्याचं राहिलं. दक्षिण भागात, ऑर्बिटच्या जवळ, जमिनीतून १९५ धारा उडतात, क्रम बदलत राहतो. मुलांना कुठून पाणी येईल ते कळत नाही म्हणून तासभर हलत नाहीत. ते पाणी प्यायचं नाही, एवढं सांगून ठेवा. फरशी गुळगुळीत आहे, धावताना घसरतात, मोजे काढून रबरी सँडल घाला. थंडीत बंद असतं, तुम्हाला अडचण नाही.

रावपुरा_रोड
आजींचा प्रश्न उरला. पार्कात चाकाची खुर्ची मिळते असं वाचलं.

फतेगंज_पोस्ट
मिळते, पार्काच्या मोबिलिटी सेवेतून, फुकट. विजेवर चालणारी स्कूटरही मिळते. आधी फोन किंवा ईमेल करून राखून ठेवा, ओळखपत्र बरोबर ठेवा. पण ती घेतली तिथेच परत द्यावी लागते, आणि तुम्ही उत्तरेकडून शिरून दक्षिणेकडून बाहेर पडणार. हा घोळ आधीच सोडवा. खुर्ची कुठे मिळणार आणि कुठे सोडायची हे राखून ठेवतानाच विचारा. जमत नसेल तर घडीची हलकी खुर्ची आठवड्यासाठी वेम्बलीतूनच भाड्याने घेऊन गाडीतून न्या.

रावपुरा_रोड
आजी म्हणतात स्कूटर नको, खुर्ची चालेल. ढकलायला मी आहे. वाट कशी आहे?

सुरसागर
बहुतेक सपाट, डांबरी किंवा काँक्रीटची. अडचण एकच. नदीची वाट खाली आणि पूल, स्टेडियमचा चौथरा वर, त्यांना जोडणारे उतार लांब आहेत. नदीकाठची फुलझाडांची बाग जूनमध्ये बघण्यासारखी असते, पण खुर्ची घेऊन खाली उतरलात तर पुढच्या उतारापर्यंत खालूनच जावं लागतं, मध्ये बऱ्याच ठिकाणी फक्त पायऱ्या आहेत. म्हणून खुर्ची वरच्या वाटेने न्या, मुलं आणि वहिनी खालून जाऊ देत, भेटायचं अ‍ॅक्वाटिक्ससमोरच्या पुलावर. उतार उतरताना खुर्ची उलटी करून, आपली पाठ उताराकडे ठेवून न्यायची, म्हणजे आजी पुढे घसरत नाहीत. आणि थांबलात की दोन्ही चाकांचे ब्रेक लावा, सपाट दिसणाऱ्या जागीसुद्धा.